पहिला कोण आला

डॉक्टरने कापसाच्या बोळ्यावर फवारा मारला. क्षणात बोळ्यावर पांढरं हिम धरलं आणि तो त्याने तिच्या दुखऱ्या दाढेला टेकवला. "गार लागलं की हात वर करा, काकू." तिने हात वर केला, पण लक्ष दाढेकडे नव्हतं. गोडसर, ईथरच्या जवळचा वास नाकात शिरला होता. ओळखीचा असूनही तिने नाव विचारलंच. इथिल क्लोराइड. साधारण 12 अंशांनाच उकळणारं हे द्रव्य उडून जाताना उष्णता सोबत नेतं, आणि त्या गारठ्यावरून दाढेची नस जिवंत आहे की नाही ते कळतं.

ज्युनिअर कॉलेजात तिने आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. इथिल क्लोराइड म्हणजे अल्कीनच्या प्रकरणातलं तिचं फळ्यावरचं पहिलं उदाहरण. डावीकडे इथिलीन आणि हायड्रोजन क्लोराइड, बाणावर ॲल्युमिनियम क्लोराइड. दुहेरी बंध उघडतो, एका कार्बनला हायड्रोजन मिळतो, दुसऱ्याला क्लोरीन. दोन्ही कार्बन सारखेच, त्यामुळे कोण कुठे बसला याने काही बिघडत नाही. खरा प्रश्न पुढच्या ओळीत, प्रोपीनपाशी येतो.

प्रोपीनपाशीच तिची एक आठवण रुतून बसली आहे. सांगली, अकरावीचा वर्ग, सत्तरचं दशक सरत आलेलं. सरांनी फळ्यावर तीन कार्बनांची साखळी काढली, हायड्रोजन टोकाच्या कार्बनला दिला, क्लोरीन मधल्याला. तिसऱ्या बाकावरून तिने विचारलं, "सर, उलट का नाही?" सरांनी मागे न वळता उत्तर दिलं, "नियम आहे. मार्कोव्हनिकोव्हचा." खडूने नियमाखाली दोन रेघा ओढल्या आणि डस्टर उचललं. सर मनाने वाईट नव्हते, हे ती आजही सांगते. तरीही त्या दोन रेघांबद्दलचा तिचा राग गेलेला नाही.

कारण उत्तर होतं, आणि ते त्याच वर्गात समजण्याइतकं सोपं होतं. दुहेरी बंधाकडे इलेक्ट्रॉन सढळ असतात, त्यामुळे आधी जोडला जातो तो हायड्रोजनचा धनभारित आयन. तो एका कार्बनला चिकटला की दुसऱ्यावर धनभार उरतो. हा भार टोकाच्या कार्बनला पेलवत नाही. मधल्याला दोन्हीकडून शेजारी कार्बनांचा आधार मिळतो, आजाऱ्याला दोघांनी खांदा द्यावा तसा. म्हणून हायड्रोजन टोकाला जातो, भार मध्ये राहतो, आणि मागून आलेला क्लोराइड त्या भाराशी जुळतो. तयार होतं 2-क्लोरोप्रोपेन.

मार्कोव्हनिकोव्हला मात्र हे सांगता येणं शक्य नव्हतं. व्लादिमीर मार्कोव्हनिकोव्ह हा रशियात कझानला रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्हच्या हाताखाली तयार झालेला. त्याने नियम मांडला 1869 मध्ये. इलेक्ट्रॉनचा शोध लागला 1897 मध्ये, आणि धनभारित कार्बनची कल्पना रुजायला 1920-30ची दशकं उजाडली. त्याच्याजवळ होती ती फक्त निरीक्षणं. ज्या कार्बनवर हायड्रोजन आधीच जास्त, तिथेच नवा हायड्रोजन जातो, एवढं त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. 'नियम आहे' हे उत्तर त्याच्या तोंडी प्रामाणिक होतं. सांगलीच्या वर्गात मात्र इलेक्ट्रॉनचं प्रकरण दिवाळीआधीच शिकवून झालं होतं.

मार्कोव्हनिकोव्ह हा माणूस तिला फार आवडतो. 1871 मध्ये कझान विद्यापीठातून शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक लेसगाफ्ट यांना काढून टाकण्यात आलं, तेव्हा त्याने काही सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. मग तो ओडेसाला गेला, तिथून मॉस्कोला, आणि पुढची वर्षं त्याने कॉकेशसच्या खनिज तेलातले पदार्थ वेगळे करण्यात घालवली. दरवर्षी वर्गात ती हा राजीनामा सांगायचीच. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

नियम रुळला, पण हायड्रोजन ब्रोमाइड त्याला दाद देईना. एकच प्रयोग, दोन प्रयोगशाळा, दोन वेगळी उत्तरं. कित्येक वर्षं हे असंच चाललं. कुणी प्रकाशाला दोष दिला, कुणी द्रावकाला. शिकागोत मॉरिस खराश आणि त्यांचा विद्यार्थी फ्रँक मेयो यांनी ॲलिल ब्रोमाइड हे अल्कीन घेऊन हा गुंता सोडवला आणि 1933 मध्ये प्रसिद्ध केला. दोष बाटलीत होता. अल्कीनची बाटली हवेत उघडी राहिली की आतल्या द्रवात हळूहळू पेरॉक्साइडं तयार होतात. ताज्या, हवाबंद मालातून नियमाप्रमाणे 1,2-डायब्रोमोप्रोपेन मिळायचं, तेही रेंगाळत, कित्येक दिवसांनी. जुन्या बाटलीतल्या मालातून झपाट्याने 1,3-डायब्रोमोप्रोपेन.

पुण्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तिने हाच प्रयोग मागून घेतला. ॲलिल ब्रोमाइडची तपकिरी बाटली, लेबलवर पेन्सिलीने लिहिलेली उघडल्याची तारीख, बूच निघताच डोळ्यांतून पाणी. फ्यूमहूडच्या काचेमागे तिने अर्धा माल 71 अंशांना ऊर्ध्वपातन करून ताजा केला, त्यात चिमूटभर हायड्रोक्विनोन टाकलं, नळी वितळवून बंद केली आणि अंधारात ठेवली. उरलेला माल होता तसाच वापरला. शेवटी दोन्ही पदार्थ उकळायला लावून ती थर्मामीटरपुढे बसली. एकाचा पारा 140 अंशांच्या पुढे जाऊन थांबला. दुसऱ्याचा तिथे न थांबता चढत राहिला, 167च्या आसपास स्थिरावला. एकाच बाटलीतून निघालेले दोन पदार्थ. मार्गदर्शक घरी गेले होते. व्हरांड्यात तिला भेटला तो शिपाई. तिने त्यालाच दोन्ही फ्लास्क दाखवले.

गाइडांत याला 'अपवाद' म्हणतात, आणि तिचा दुसरा राग तो. अपवाद कसला? पेरॉक्साइड असलं की ब्रोमीनचा एकटा अणू सुटा होतो आणि हायड्रोजनच्या आधी तोच दुहेरी बंधाला भिडतो. 1937 मध्ये खराश यांनी, आणि इंग्लंडमध्ये हे (Hey) आणि वॉटर्स या दोघांनी, ही साखळी उलगडून दाखवली. पहिला येणारा दोन्ही वेळा टोकालाच बसतो आणि अडचण मधल्या कार्बनवर सोडतो. एकदा ती अडचण धनभार असते, एकदा सुटा इलेक्ट्रॉन. रांगेत पहिला कोण, एवढंच बदललं. हे फक्त हायड्रोजन ब्रोमाइडलाच जमतं, त्यालाही कारण आहे. हायड्रोजन-क्लोरीन बंध 431 किलोज्यूलचा, ब्रोमीनचा 366चा. क्लोरीनजवळचा हायड्रोजन ओढून साखळी चालू ठेवणं परवडत नाही. आयोडीनचा अणू सहज सुटतो, पण दुहेरी बंधाला धरून राहत नाही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा वहीतून मान वर काढायची.

इथिलीनच्या समीकरणात बाणाच्या उजवीकडचा पदार्थ पुढे कुठे जातो, हेही ती सांगायची, आणि तिथे तिला स्वतःला थांबावं लागायचं. जगात बनलेल्या इथिल क्लोराइडपैकी मोठा हिस्सा कितीतरी वर्षं एकाच कामाला लागला. सोडियम आणि शिशाच्या मिश्रधातूशी त्याचा संयोग करून टेट्राइथिल लेड बनवायचं आणि इंजिन ठोके देऊ नये म्हणून ते पेट्रोलमध्ये घालायचं. सोबत इथिलीन डायब्रोमाइडही घालत, म्हणजे पुन्हा इथिलीनच्या दुहेरी बंधावर बसवलेलं ब्रोमीन. त्याच्यामुळे शिसं इंजिनात न साचता ब्रोमाइड होऊन धुरावाटे बाहेर पडायचं. इंजिन स्वच्छ राहायचं.

वडिलांच्या स्कूटरवर ती पुढे, हँडल धरून उभी राहायची. विश्रामबागच्या चढावर गाडी धूर सोडायची आणि तिला तो वास इतका आवडायचा की ती मुद्दाम खोल श्वास घ्यायची. वडील हसायचे. भारतात शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं ते 2000 साली. तोवर वडील नव्हते आणि तिची मुलगी शाळेत जायला लागली होती. श्वासातून आलेलं शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी बसतं आणि दशकानुदशकं तिथेच राहतं. हे तिने पहिल्यांदा वाचलं ते स्टाफरूममध्ये, तास सुरू व्हायच्या आधी, आणि त्या दिवशी फळ्यावर इथिलीनचं समीकरण लिहून झाल्यावर तिने मुलांना विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांकडे स्कूटर होती?