ओटी नसलेले घर

जाहिरातींच्या भाषेत ज्याला 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणतात, त्याला पुण्यातले दलाल आणि भाडेकरू सरळ 'वन आरके' म्हणतात. पहिल्या नावात चित्रकाराच्या प्रशस्त दालनाची हवा आहे, तर दुसऱ्यात निव्वळ हिशेब : एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. मराठीत आपल्याकडे 'बिऱ्हाड' हा जुना शब्द आहे. परंतु तो जागेचा नाही, माणसांनी मांडलेल्या संसाराचा आहे. वर्गात नेमाड्यांचे 'बिढार' (१९७५) शिकवताना शीर्षकाचा अर्थ आम्ही दोघेही सांगत आलो आहोत. सहकारनगरच्या एका आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर असे बिढार आम्ही मांडले, तेव्हा त्या शब्दाकडे अधिक बारकाईने पाहणे भाग पडले.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. एकाची नोकरी कायम, दुसरीची तासिका तत्त्वावर. भाड्याचे गणित त्यातच आले. गाव भोरजवळची उत्रोली. तेथील घर मोठे नाही, पण त्याला क्रम आहे : अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. कोणी कुठवर यायचे, हे न सांगता ठरलेले. भातलावणीचा निरोप घेऊन आलेला माणूस ओटीवर बसतो, पाणी पितो, दोन गोष्टी बोलतो आणि जातो. तो घरातला नसतो आणि परकाही नसतो. भोरला पंतसचिवांचा १८६९ सालचा राजवाडा आहे. तेथेही चौकातून आत जावे लागते. ऐपतीचा फरक सोडला तर तत्त्व एकच : घरात टप्प्याटप्प्याने शिरायचे असते.

आमच्या खोलीत टप्पे नाहीत. दार उघडले की समोर पलंग. आबा पहिल्यांदा आले, तेव्हा पिशवी हातात धरून बराच वेळ उभेच राहिले. खुर्चीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, ते आम्ही उचलू लागलो. पलंगावर बसा म्हटले, पण मुलाच्या आणि सुनेच्या पलंगावर बसणे त्यांच्या रीतीत नव्हते. "तुम्ही निजता कुठं ते दिसलं," ते म्हणाले, "आम्ही बसायचं कुठं?" मग म्हणाले, "सूनबाई, च्या हितं दारातच घेतो." चहा झाल्यावर ते खाली जाऊन वॉचमनशेजारी बसले आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परतले. त्यानंतर ते अनेकदा आले. मुक्कामाला मात्र कधीच राहिले नाहीत.

जागा अपुरी म्हणून असे होते, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. १९२०च्या दशकात मुंबईत बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोल्या १६० चौरस फुटांच्या. त्यांत अख्खी कुटुंबे राहिली आणि गावाकडचे पाहुणेही सामावले. कारण दारापुढच्या समाईक पॅसेजने ओटीचे काम केले. 'बटाट्याची चाळ' (१९५८) हसवता हसवता अखेरच्या चिंतनात हुरहूर लावते, ती खोल्यांसाठी नव्हे, खोल्यांबाहेरच्या त्या सामायिक जीवनासाठी. आमच्या इमारतीत पॅसेज आहे, पण तिथे कोणी थांबत नाही. तो लिफ्टपासून दारापर्यंतचा रस्ता आहे.

तथापि ओटीचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ती ओटी पुरुषांची होती. आमच्यापैकी जी सून म्हणून त्या घरात आली, तिच्या वाट्याला माजघर आले, आणि माजघराला आतून लावायची कडी नव्हती. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी पैसा आणि स्वतःची खोली मागितली. ही खोली एकटीची नाही. एकाला झोप यावी म्हणून दुसऱ्याला ओट्यावरच्या दिव्यात पेपर तपासावे लागतात. तरीही दाराची कडी आतून आहे आणि रात्री अकरानंतरचा वेळ तिचा आहे. उत्रोलीच्या पाच दालनांत हे तिला मिळाले नव्हते. म्हणून 'गाव गेले, माणुसकी गेली' असा सूर आम्हांला लावता येत नाही.

प्रश्न उरतो तो ओटीवर बसणाऱ्या माणसाचा. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या आहे. तीनुसार सदनिकेच्या मालकीची बाल्कनी अथवा व्हरांडा त्या क्षेत्रात धरला जात नाही. ग्राहकाची फसवणूक टळावी हा हेतू योग्यच. पण चटई जिथे पाहुण्यासाठी प्रथम अंथरली जाई, नेमकी तीच जागा चटई क्षेत्राबाहेर राहावी, ही भाषेने केलेली मोठी मार्मिक नोंद होय. घर मोजताना आपण आतली माणसे मोजतो; येणारी मोजत नाही.

आमचा परिसर शांत आहे. तळजाईच्या बाजूने वारा येतो, नऊनंतर वाहनेही विरळ होतात. ही शांतता आम्हांला हवी होती, तिच्यावर आमचे वाचन-लेखन चालते. फक्त ती कशाची बनली आहे, हे आता कळते. इथे कोणी टेकत नाही, म्हणून इथे शांत आहे.