भाकरी कधी, पेज कधी

आपल्या घरांत पोटाच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव असतं, "गॅस". ओवा, हिंग, सोडा आणि फारच झालं तर मेडिकलवाल्याकडची एक गोळी, एवढ्यावर उपचार संपतात. कंबर दुखली तर आपण चारचौघांत सांगतो. पोट साफ होत नाही हे मात्र नवरा-बायकोही एकमेकांना सांगत नाहीत. म्हणून यंदा आपल्या अंकासाठी पोटावरच लिहायचं ठरवलं. विषय ऐकून हैदराबादला नोकरी करणारा माझा मुलगा म्हणाला, "आई, दुसरं काही नाही का लिहायला?" दुसरं पुष्कळ आहे. पण ते लिहिणारेही पुष्कळ आहेत.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या 52 व्या वर्षी, माझ्या ओटीपोटात डाव्या बाजूला दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पोटाला हात लावू देववेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सीटी स्कॅन करायला सांगितला. रिपोर्टमध्ये शब्द होता डायव्हर्टिक्युलायटिस. ह्यांनी तो दोनदा वाचला आणि डॉक्टरांना पहिलाच प्रश्न विचारला, "कॅन्सर तर नाही ना?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. सायकलच्या जुन्या ट्यूबला जसा एखाद्या ठिकाणी फुगवटा येतो, तशा मोठ्या आतड्याच्या भिंतीत कमकुवत जागी छोट्या पिशव्या तयार होतात. वय वाढतं तशा त्या अनेकांना होतात आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. त्यांतल्या एखाद्या पिशवीला सूज आली की दुखणं आणि ताप सुरू होतो. कधी तिथे पू साठतो, कधी ती फुटते. मग तातडीनं ऑपरेशन करावं लागतं, काही रुग्णांना काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावून राहावं लागतं. माझी नुसतीच सूज होती. कॅन्सर नाही याची खात्री दुर्बिणीनं करायची, पण सुजलेल्या आतड्यात दुर्बीण घालत नाहीत. सहा ते आठ आठवडे थांबायचं. ते आठवडे कसे गेले ते आमच्या घरालाच ठाऊक. शेवटी तपासणी झाली, कॅन्सर नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते त्या मधल्या आठवड्यांतल्या स्वयंपाकघराबद्दल. दवाखान्यात चार दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक. तोंडानं फक्त पाणी, नारळपाणी, वरणाचं गाळलेलं पाणी. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आधी मऊ खा, मग हळूहळू चोथा वाढवा. पुढे ज्वारीची भाकरी तुमचं औषध आहे." सासूबाईंनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. त्याच संध्याकाळी ताटात भाकरी आणि अंबाडीची भाजी! उलट माझ्या नणंदेनं फोनवर बजावलं, "वहिनी, आता जन्मभर मऊ भात. पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे बंद. बिया त्या पिशव्यांत अडकतात." दोघींची माया खरी होती आणि दोघींचे सल्ले एकमेकांच्या अगदी उलट.

या आजाराची गंमत अशी की दोन्ही सल्ल्यांत थोडं थोडं खरं आहे, फक्त वेळ वेगळी. सूज असताना आतड्याला विश्रांती हवी: पेज, मऊ भात, मुगाचं पातळ वरण, साल काढून शिजवलेला दुधी. सूज उतरली की तेच मऊ अन्न पुढे कायम खाणं बरोबर नाही. आतड्यात चोथा नसला तर मळ घट्ट आणि थोडा होतो, तो ढकलायला आतड्याला जोर लावावा लागतो. 1971 मध्ये डेनिस बर्किट आणि नील पेंटर या ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी हाच मुद्दा मांडला होता. बर्किट अनेक वर्षं युगांडात शल्यचिकित्सक होते. भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकेतल्या खेड्यांत हा आजार जवळजवळ दिसत नाही आणि पांढरा पाव खाणाऱ्या इंग्लंडमध्ये घरोघरी दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आजच्या संशोधकांना सगळंच कारण एवढं सरळ वाटत नाही. वजन, बैठं काम, धूम्रपान, लाल मांस आणि आनुवंशिकता यांचाही वाटा आहे. पण चोथ्याचं महत्त्व कायम आहे.

बियांचं काय? अमेरिकेत 47,000 हून अधिक पुरुषांचा 18 वर्षं पाठपुरावा करून 2008 मध्ये निष्कर्ष आला की सुकामेवा, दाणे, मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना हा त्रास जास्त होत नाही. नणंदेला मी हे सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात तिनंच पेरू आणले.

आता भाकरीचा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत, 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात तीनाहून कमी. तुरीच्या डाळीत सुमारे 9, पेरूत साडेआठच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 ग्रॅम लागतात. म्हणजे दोन वेळच्या मिळून चार मध्यम भाकरी, वाटीभर वरण, एक पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात गणित जमतं. तेच नुसत्या भातावर जमवायचं तर किलोभर तांदूळ शिजवावे लागतील!

आदिलाबादच्या माणसाला हे सांगावं लागावं याचंच मला नवल वाटतं. पैनगंगेच्या दोन्ही काठांना ज्वारी हेच मुख्य अन्न होतं. आपण भाकरी म्हणतो, तेलुगू शेजारी जोन्न रोट्टे म्हणतात; आपल्या कण्या, त्यांचा गटका; आपली अंबाडी, त्यांचा गोंगुरा. भाषा दोन, ताट एक. मग शेतात ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आलं. 1983 मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं दोन रुपये किलोनं तांदूळ दिला. त्या तांदळानं गरिबाची चूल पेटती ठेवली, त्याला नावं ठेवणार नाही. पण हळूहळू भात रोजचा झाला आणि भाकरी सवडीची.

माझी घडी अशी बसली. दवाखान्यातून आल्यावर दोन आठवडे मऊ अन्न. मग दुपारी पाव भाकरी, आठवड्यानं अर्धी, मग एक. एकदम वाढवली असती तर पोट फुगून मीच ती बंद केली असती. पालेभाजी आधी बारीक चिरून, चांगली शिजवून. सालीसकट फळं शेवटी. रात्री एक चमचा इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर उलट आतडं तुंबू शकतं, आणि आपल्याकडच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात पाण्याचं भान आणखीच ठेवावं लागतं. रोज अर्धा-पाऊण तास चालणं. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालू होत्या. त्या या आजारात धोका वाढवतात म्हणून डॉक्टरांनी बदलून दिल्या. गुडघेदुखी आणि पोटदुखी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे दाखवत असाल तर दोघांनाही सगळ्या गोळ्या दाखवा.

आतड्यातल्या पिशव्या तशाच आहेत. भाकरीनं त्या जात नाहीत, फक्त दुखणं उलटण्याची शक्यता कमी होते. दीड वर्षानं मला पुन्हा थोडा त्रास झाला, ताप नव्हता. या वेळी डॉक्टरांनी तपासण्या करून अँटिबायोटिकशिवायच, पातळ आहार आणि पॅरासिटामॉलवर मला बरं केलं. गुंतागुंत नसलेल्या सुजेत अँटिबायोटिकनं बरं होणं लवकर घडत नाही, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत दिसलं होतं. अर्थात हा निर्णय डॉक्टरांचा. आपण घरी बसून घ्यायचा नाही.

सासूबाईंनी आता फ्रीजवर एक कागद चिकटवला आहे. एका बाजूला "दुखतंय", दुसऱ्या बाजूला "दुखत नाही", खाली दोन याद्या. पाहुणे आले की त्या स्वतःच तो समजावून सांगतात आणि मी लाजून आत जाते.

तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हा म्हातारपणाचाच आजार आहे असं समजू नका. पाश्चात्त्य देशांत पन्नाशीच्या आतले रुग्णही वाढले आहेत. दिवसभर खुर्चीत बसणं आणि रात्री मैद्याचं काहीतरी मागवणं हे तुमच्या सगळ्यांच्या खोल्यांत चालतं. दुसरं, घरी फोन कराल तेव्हा "जेवलात का" बरोबर "पोट साफ होतं का" हेही विचारा. ताप आणि पोटदुखी एकत्र असेल, पोट कडक झालं असेल, उलट्या थांबत नसतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ओवा-सोड्याची वाट पाहू नका. आपल्यापासून नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. एवढ्या लांब जायची वेळ येऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी जवळचा डॉक्टर गाठायचा.

माझा मुलगा आता दर महिन्याला इथून पाच किलो ज्वारीचं पीठ नेतो. भाकरी त्याच्या अजून गोल होत नाहीत. चोथा मात्र त्यांत पुरेपूर असतो.