घडीचा फोन

दुकानात सॅमसंगचा झेड फोल्ड ६ हातात घेतला आणि मोह झाला. उघडला की ७.६ इंचांचा पडदा. एका बाजूला प्रूफ, दुसऱ्या बाजूला शब्दकोश! चाळिशीनंतर डोळे असंच काहीतरी मागतात. वजनही २३९ ग्रॅमच. जड आहे ती किंमत. २०२४ च्या जुलैत भारतात आला तेव्हा १,६४,९९९ रुपये. धाकटीची बी.एड.ची फी अजून भरायची आहे.

अब्बा सोबत होते. आयुष्यभर शिलाईकाम केलेला माणूस. पडद्याच्या मधल्या रेषेवरून त्यांनी बोट फिरवलं. "बेटा, कापड आधी घडीवरच विरतं."

दोन लाख घड्यांची चाचणी झालीय, असं मी सांगितलं. पण आयपी ४८ चा अर्थ मलाही ठाऊक होता: पाण्यापासून संरक्षण आहे, बारीक धुळीपासून नाही. आणि आमच्या गल्लीत पाऊस चार महिने, धूळ आठ महिने.

फोन काउंटरवर ठेवला. पायऱ्या उतरताना अब्बांनी विचारलं, "अक्षरं खरंच दिसत नाहीत का रे तुला?"

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. वाढलाय.