सल्लागार मंडळ

गणेशोत्सव मंडळाची पावती लोक वाचत नाहीत. वर्गणीचा आकडा तेवढा पाहतात, सुस्कारा सोडतात आणि पावती खिशात कोंबतात. मी मात्र बँकेत नोकरी करतो, त्यामुळे बारीक टाइप दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्या बारीक टाइपात 'सल्लागार मंडळ' असं छापलेलं असतं. एक नगरसेवक, एक निवृत्त मामलेदार, एक वकीलसाहेब, एक बिल्डर. मंडपाचा बांबू कुठे पुरावा याबद्दल यांपैकी कुणी कधी चकार शब्द काढलेला नसतो. किंबहुना सल्ला न देणं हीच त्या पदाची पहिली पात्रता. नाव छापलं की काम संपलं. वर्गणी देणाऱ्याला वाटतं, एवढी थोर माणसं आहेत म्हणजे हिशेब चोख असणार!

ही रीत फक्त आपल्याच आळीतली आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत तर तिने फार मोठा पराक्रम केला.

२००३ साली एलिझाबेथ होम्स नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून कॅलिफोर्नियात कंपनी काढली. नाव थेरानोस. 'थेरपी' आणि 'डायग्नोसिस' या दोन शब्दांची सांधेजोड. आपल्याकडे नवराबायकोच्या नावांची मोडतोड करून बंगल्याला नाव देतात, तसलाच प्रकार. कंपनीचं म्हणणं असं, की दंडात सुई नको, बाटल्या भरभरून रक्त नको. बोटाला जरासं टोचून आलेल्या थेंबावर ढीगभर तपासण्या होतील. आता सांगा, कुणाला नको आहे हे? सुई पाहून डोळे मिटणारी निम्मी दुनिया तिच्यामागे उभी राहायला तयारच होती.

पण दुनियेला आधी पावतीपुस्तक लागतं. बाईंनी ते असं छापलं, की आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तोंडात बोटं घालावीत. २०१४ च्या सुमारास कंपनीच्या संचालक मंडळावर कोण होतं? माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ. दुसरे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर. दोघेही नव्वदीच्या घरातले. माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी, माजी सिनेटर सॅम नन, नौदलाचे निवृत्त ॲडमिरल रफहेड, निवृत्त जनरल मॅटिस. एवढ्या मंडळींत एखाद्या शेजारी राष्ट्राशी युद्ध सुरू करता आलं असतं आणि तहही घरच्या घरी उरकता आला असता. डॉक्टर अगदीच नव्हते असं नाही. बिल फ्रिस्ट हृदयाचे शस्त्रवैद्य होते; विल्यम फेगी यांनी तर सत्तरच्या दशकात आपल्याकडे येऊन देवी निर्मूलनाचं मोठं काम केलेलं. पण रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेला माणूस त्या यादीत शोधून सापडत नाही.

आमच्या बिरादरीतलेही एक होते. वेल्स फार्गो या बड्या बँकेचे माजी प्रमुख रिचर्ड कोव्हासेविच. पन्नास हजारांचं कर्ज मागणाऱ्याला आम्ही दोन जामीनदार आणायला लावतो, त्यांच्या सह्या भिंगाखाली धरतो. इथे गुंतवणूकदारांनी सत्तर कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली. जामीनदार एवढे मोठे, की सही पडताळायचा धीर कुणाला व्हावा? शिवाय प्रत्येक जण शेजारच्या खुर्चीकडे बघून निश्चिंत. शुल्ट्झ आहेत ना, मग झालं. आणि मतांचे जवळजवळ सगळे अधिकार बाईंच्याच हाती, म्हणजे या थोरांनी एकमुखाने 'नाही' म्हटलं असतं तरी ठराव पासच!

'नाही' म्हणणारं एक माणूस खरं तर अगदी सुरुवातीलाच भेटलं होतं. स्टॅनफर्डच्याच वैद्यकाच्या प्राध्यापिका फिलिस गार्डनर. विद्यार्थिनी असताना होम्सबाई त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन गेल्या. हे होणार नाही, असं गार्डनरबाईंनी तोंडावर सांगितलं. त्यांना सल्लागार कोण करणार? आपल्याकडेसुद्धा 'मुलीला आणखी शिकू द्या' म्हणणाऱ्या आत्याला याद्यांच्या बैठकीला बोलावत नाहीत.

बँकेत एक लिहितो आणि दुसरा तपासतो. हा तपासणारा जगातला सर्वांत अप्रिय प्राणी. घरी जायची गाडी चुकायची वेळ येते आणि हा म्हणतो, "साहेब, टोटल लागत नाही." पण ठेवीदाराला रात्री झोप लागते ती चेअरमनच्या फोटोमुळे नव्हे, या किरकिऱ्या माणसामुळे. थेरानोसमध्येही असे दोन किरकिरे निघाले. टायलर शुल्ट्झ आणि एरिका च्युंग, दोघेही नुकतेच शिकून बाहेर पडलेले. कंपनीच्या यंत्रावर मोजक्याच तपासण्या होतात, बाकी दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर. तो इवलासा थेंब पुरावा म्हणून गवळ्याच्या हिशेबाने त्यात पाणी वाढवायचं. आणि आकडे जुळत नाहीत. टायलर हा त्या जॉर्ज शुल्ट्झ यांचा सख्खा नातू. त्याने जाऊन आजोबांना सांगितलं. आजोबांनी नातवाऐवजी बाईंवर विश्वास ठेवला. जगभरच्या मुत्सद्द्यांची मनं वाचणाऱ्या माणसाला घरच्या पोराचं ऐकू आलं नाही.

पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये जॉन कॅरीरू यांनी सगळं छापलं. मग २०१६ साली कंपनीने प्रयोगशाळेतलं कळणाऱ्या तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ नेमलं. बैल गेला नि झोपा केला! २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल होम्सबाईंना दोषी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून मात्र त्या सुटल्या.

त्याच खटल्यात एका बाईने साक्ष दिली होती. पोटातलं मूल वाचत नाही, असा अर्थ निघणारा रिपोर्ट या कंपनीने तिच्या हाती दिलेला. पुढे तिला धडधाकट मुलगी झाली. पण तो कागद हाती आल्यावर तिचे दिवस कसे गेले असतील, हे कुठल्याही खातेवहीत जमा होत नाही. गुंतवणूकदाराचं नुकसान डॉलरात मांडता येतं, हिचं कशात मांडायचं?

तेव्हा रक्त द्यायला जाल तेव्हा भिंतीवरच्या थोरांच्या फोटोंना नमस्कार जरूर करा. पण आत तपासणारं कोण आहे, आणि टोटल लागत नाही असं त्याने म्हटलं तर ऐकणारं कुणी आहे का, तेवढं आधी विचारा. बोट आपलं असतं.