ओठ आणि अक्षरं

बाबांची सगळी नोकरी साचेखात्यात गेली, नायगावातल्या एका गिरणीत. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालू आणि प्रत्येकावर धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतोय, अशा ठिकाणी शेजारच्या माणसाला हाक मारून उपयोग नसायचा. ओठ हलवायचे, समोरच्याने ते बघायचे. साच्यावरचे सगळेच ओठ वाचायला शिकले आणि सगळ्यांचेच कान कमीअधिक गेले. त्याला कोणी आजार म्हटलं नाही. साच्यावरचा माणूस जरा मोठ्यानेच बोलणार, हे आमच्याकडे धरूनच चालायचं.

आमच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवला की तो अख्ख्या मजल्याचा होतो. शेजारच्या काकू बोलायच्या नाहीत, फक्त स्वतःचं दार लोटून घ्यायच्या. मग बाबांना कानाचं यंत्र आणलं. पण संवादाच्या मागे संगीत असलं की यंत्र दोन्ही सारखंच मोठं करतं आणि हाती नुसता कल्ला लागतो. शेवटी मी मोबाइलवरचं ओटीटी टीव्हीला जोडून दिलं आणि खाली अक्षरं लावली. चित्रपट मराठी, अक्षरं इंग्रजी. बाबा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि रिमोट माझ्या हातात दिला.

मी याच कामावर पोट भरते, मराठी मालिका-चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स लिहिते. त्यामुळे कारण मला ठाऊक होतं. ती अक्षरं मराठी न कळणाऱ्यांसाठी असतात. ज्याला मराठी येतं पण ऐकू येत नाही, तो माणूस या हिशेबात धरलेलाच नसतो. खरं तर ही कल्पना नवी नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये सुरुवात करून ब्रिज कोठारी १९९६ पासून 'ज्या भाषेतलं गाणं, त्याच भाषेत खाली अक्षरं' याचा पाठपुरावा करत आलेत, लोकांचं वाचन सुधारावं म्हणून. झी टॉकीजवर मराठी चित्रपटांनाही मराठी अक्षरं लावून पाहिली गेली होती.

तर, एका ओटीटी कंपनीने मराठी मालिकेला मराठी अक्षरं द्यायचं मनावर घेतलं आणि चाचणीसाठी प्रेक्षक हवेत म्हणून मला विचारलं. मी बाबांना घेऊन गेले. ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. गार काचेच्या खोलीत बसल्यावर बाबांनी पहिला प्रश्न केला, "हय खयचां खातां होतां?" तिथल्या एकालाही सांगता येईना.

मालिकेतलं कुटुंब मालवणचं, बोली बाबांचीच. पाच मिनिटांत बाबांनी हात वर केला. "तो 'खंय' म्हणता आणि खाली 'कुठे' लिवलेलां." अक्षरं लिहिणाऱ्याने मालवणी सगळी सोवळी करून टाकली होती. ऐकू येणाऱ्याला हे खपलं असतं. पण बाबा आधी ओठ वाचतात आणि मग खाली बघतात, दोन्ही जुळलं नाही की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. बाकीच्या तक्रारी भराभर आल्या. विनोदाचा शेवट नट बोलायच्या आधीच खाली छापून येतो. पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं. उकार इतके बारीक की 'सुन' आणि 'सून' एकच. आणि नुसतं 'संगीत' असं लिहून काय कळणार, दशावताराचं की मयताचं?

मी मनात म्हणत होते, झालं, कंपनीला उत्तर मिळालं. तेवढ्यात बाबांच्या शेजारची मुलगी खुणांनी बोलू लागली, दुभाषी सांगू लागली. ती जन्मापासून बहिरी. तिची पहिली भाषा खुणांची, मराठी नंतर शाळेत शिकलेली. तिला बाबांचं म्हणणं अजिबात मान्य नव्हतं. 'खंय' तिने कुठल्या पुस्तकात पाहिलेलंच नाही. तिला छापील, सोपं मराठी हवं, आणि खरं तर कोपऱ्यात खुणा करणारं माणूस हवं. बाबांना खुणांची भाषा येत नाही. दोघं एकाच सोफ्यावर, कंपनीच्या कागदावर दोघांचा रकाना एकच: 'श्रवणदोष'.

तिसऱ्या बाईंना दिसत नव्हतं. दादरच्या दादासाहेब फाळके रस्त्यावर अंध मुलींची शाळा आहे, १९०० साली ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेली. त्या तिथे शिकलेल्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यांचा फोन ॲपमध्ये शिरताच "बटण, बटण, बटण" एवढंच बोलत होता, कारण बटणांना नावंच दिली नव्हती. दृश्याचं वर्णन ऐकवणारी पट्टी पुढची गोष्ट. शिवाय आपल्या मालिकेत कुणी क्षणभर गप्प बसत नाही, वर्णन घुसवायचं कुठे? शाळेच्याच रस्त्यावर फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' बनवला, हे त्यांनीच बाबांना मोठ्याने सांगितलं. मूकपटात बोलणं पाट्यांवर छापलेलं असायचं. वाचता येत असेल तर ऐकू न येणारा बाकीच्यांच्या बरोबरीने बसायचा. १९३१ ला 'आलम आरा' बोलू लागला आणि ती बरोबरी गेली.

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वर्णनाची पट्टी, सांकेतिक भाषा आणि संवादाची अक्षरं, तिन्हींचा उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवर येण्याआधी वर्णनाची पट्टी आणि संवादाची अक्षरं तयार करायला सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ओटीटीसाठी वेगळा मसुदाही काढला. पण 'अक्षरं दिली' या रकान्यावर खूण करायला इंग्रजी अक्षरंही पुरतात, ही माझी भीती आहे.

कंपनीने मोठी अक्षरं, मागे काळी पट्टी आणि बटणांची नावं लगेच मान्य केली. मालवणी आणि प्रमाण मराठी अशा दोन पट्ट्या द्या, ज्याला जी हवी ती तो निवडेल, हे मात्र खर्चात बसेना. सध्या मी मालवणीतली पट्टी लिहिते आहे. बाबा आवाज बंद करून प्रत्येक भाग नटांच्या ओठांशी ताडून बघतात आणि वहीत चुका काढून देतात. त्या कामाचं मानधन बाबांच्या नावाने वेगळं लावा, असं मी कंपनीला कळवलंय. त्यांनी बाबांचं पॅन कार्ड मागवलंय.