तळ्यातले अदृश्य विष

१९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि सरकारी दप्तरांबरोबर आमची वडीलधारी मंडळी नागपूरहून येथे आली. तेव्हापासून बडा तालाब आमच्या घरांशी जोडला गेला. नळाला त्याचे पाणी, आणि आमच्यातील मत्स्यप्रेमींच्या ताटात रोहू-कटला. आता पुढच्या पिढीतील काहींनी सीहोरकडे शेततळी घेऊन मत्स्यपालन आरंभिले आहे. त्यांच्या निमित्ताने आम्ही या वयात पाण्याचे शास्त्र वाचू लागलो.

विषारी वायू म्हटला की भोपाळकराला १९८४ आठवते. तळ्यातला अमोनिया मात्र बव्हंशी माशांच्याच कल्ल्यांतून येतो. प्रथिनयुक्त खाद्य पचले की नको असलेले नत्र मासा या रूपाने बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य, सांडपाणी आणि कुजणारे निर्माल्य त्यात भर घालतात. पाण्यातील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. दाटी झालेल्या तळ्यात मात्र ते अपुरे पडतात. मग माशाच्या रक्तातील अमोनियाला बाहेर वाट उरत नाही. कल्ल्यांना इजा होते, भूक मंदावते, रोग बळावतात.

नवल असे की, अमोनिया तितकाच असूनही त्याचे विष दिवसभरात कमी-अधिक होते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर शेकडा अर्धा भागच विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की ५, आणि ९ झाला की सुमारे ३६. शेवाळ उन्हात कर्बवायू शोषते, त्यामुळे दुपारी सामू चढतो. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर आधी प्राणवायूची शंका घ्यावी. भर दुपारी मलूल दिसले तर अमोनियाची. अशा वेळी सवयीने चुना टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्याने सामू आणखी वाढतो. खाद्य थांबवावे, थोडे पाणी बदलावे, उरलेले खेळते ठेवावे.

२००२ साली भोज पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाला. मोठा तलाव पुष्कळ काही पोटात घालतो, म्हणून त्याचे दुखणे उशिरा दिसते. शेततळे दोन दिवसांत हिशेब मागते. तरुणांनी तेथे शिकलेला हा हिशेब घरच्या तलावालाही लावावा, आणि अनंत चतुर्दशीला निर्माल्याची टोपली पाण्याऐवजी खताच्या खड्ड्याकडे वळावी, एवढीच आमची इच्छा आहे.