ग्रिप की लाइफ?

"ग्रिप पाहिजे की लाइफ?" टायरवाल्याने विचारलं. एवढा गहन प्रश्न, आणि तोही माझ्याकडे न बघता, कॉम्प्रेसरच्या धडधडाटात! दोन्ही पाहिजे म्हणणारी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत असणार. मऊ रबर रस्ता धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं चालतं आणि पहिल्या पावसात, पहिल्या ब्रेकला, आपण कोण आहोत ते दाखवतं. मधे कडक, कडांना मऊ अशी दुहेरी टायरं निघाली आहेत म्हणा. पण ती बड्या गाड्यांची मिजास. माझ्या शंभर सीसीच्या 2.75-18 मापासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

मागचं टायर आधी जातं. इंजिनाची ओढ त्याच्यावर, मागे बसणाऱ्याचा भार त्याच्यावर, गॅसचा सिलिंडर आणायचा तर तोही त्याच्याच डोक्यावर. हमरस्त्याने नोकरीला जाणाऱ्याचं टायर मधोमध सपाट होतं, कडा कोऱ्याच राहतात. हवा कमी ठेवणाऱ्याच्या नेमक्या कडा जातात. टायर गोटा झालं तरी "अजून एक पावसाळा काढेल" म्हणणारे काटकसरी लोक मला आवडतात; त्यांच्यामागे बसून आंबा घाट उतरायला मात्र आवडत नाही.

खरी लाइफ पाहिली ती टायरच्या चपलांची. आमच्याकडे आठवडी बाजारात चिंचेखाली त्या मिळत. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ, ट्यूबचे पट्टे, बाजूने ठोकलेले खिळे. चांभारमामा रापी पाण्यात बुडवून रबरावर चालवत. कोरडी रापी अडते, ओली सरसर जाते. कापलेल्या कडेला नायलॉनच्या दोऱ्यांचे थर दिसत. वजन असं, की आजोबा अंगणात आले ते आधी कानाला कळे. चपलेखाली ट्रकची नक्षी तशीच असायची, त्यामुळे मळ्यातल्या चिखलात ठसे उमटत ते एखादा ट्रक दोन पायांवर चालत गेल्यासारखे. बाभळीचा काटा आत शिरायची हिंमत करत नसे. "पाय झिजंल, ही न्हाई," आजोबा म्हणत. कोल्हापुरी वहाण लग्नाकार्याला. रोजच्या पायात ट्रक. पुढे पोलादी तारांची रेडियल टायरं आली. तारेवर रापीची धार जाई, कडेने निघालेलं टोक पायाला टोचे. मग बाजारात प्लास्टिकच्या चपलांचे ढीग आले आणि चिंचेखालची जागा रिकामी झाली.

टायरवाल्याने तीन टायरं समोर मांडली. त्यातलं एक एमआरएफचं. ही कंपनी 1946 साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे करत होती. हवा कोंडण्याचा धंदा तेव्हापासूनचा. दुसऱ्या टायरवर घसघशीत सूट होती, म्हणून त्याची बाजू निरखून पाहिली. तिथे लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1423 म्हणजे 2023 सालचा चौदावा आठवडा. रबर न चालताही म्हातारं होतं, फळीवर पडूनसुद्धा कडक होत जातं. त्या सुटीला मी सूट मानत नाही.

तुम्ही घ्यायला गेलात तर भाव विचारण्याआधी ते चार आकडे वाचा. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो, तेव्हा पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर जपून. आणि हवा भरायची ती सकाळी, टायर थंड असताना.